अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटात तंबू आणि वन्यजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲरिझोना, न्यू मेक्सिको, दक्षिण कॅलिफोर्निया, नेव्हाडा आणि पश्चिम टेक्सास या पट्ट्यात तंबू घेऊन जायचं, प्राणी-पक्षी बघायचे असं ठरलं की तेच ते प्रश्न पुढे येतात. काही फिनिक्स किंवा डॅलसला नोकरी करणाऱ्यांचे असतात, काही मुलांकडे हिवाळ्यात राहायला आलेल्या आई-बाबांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर सोनोरन वाळवंटावर आहे, कारण ते मला सर्वांत जवळचं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढच्या बहुतेक उत्तरांत येणार आहे: इथला प्रत्येक जीव पाण्याच्या हिशेबाने जगतो. त्या हिशेबाला धक्का न लावता राहता आलं, तर प्राणीही दिसतात आणि आपणही सुखरूप परततो.

वाळवंटात बघण्यासारखं असतं तरी काय? नुसती वाळूच ना?

वाळूच्या टेकड्याच बघायच्या असतील तर न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला जा, तिथे त्या पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी वाळू कमी आणि खडक, झुडपं, काटेरी झाडं जास्त. या पट्ट्यात चार वाळवंटं येतात: सोनोरन, मोहावी, चिवावन आणि ग्रेट बेसिन. प्रत्येकाची झाडं वेगळी, त्यामुळे प्राणीही वेगळे. सोनोरनला वर्षातून दोनदा पाऊस मिळतो. हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारा संथ, हलका पाऊस आणि जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाट करत कोसळणारा. या दुसऱ्याला तिथले लोकही मान्सूनच म्हणतात. तिथलं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ धरतं. दोन वेळच्या पावसावर मेस्कीट, पालो व्हर्डे, आयर्नवुड अशी झाडं टिकतात आणि झाडांच्या आधाराने बाकी सगळं. राजस्थानातलं थरचं वाळवंट बघितलेल्या माणसालाही इथली हिरवाई चकित करते.

कोणत्या महिन्यात जावं?

फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. दिवस सुखाचे, पक्ष्यांची गाणी सुरू झालेली, आणि हिवाळ्यात पुरेसा पाऊस झाला असेल तर जमिनीवर रानफुलांचे पट्टे. रात्री मात्र थंडी असते. दिवसा टी-शर्टवर फिरलात तरी रात्री जाड जॅकेट आणि गोठणबिंदूजवळ चालेल अशी स्लीपिंग बॅग लागते. कोरड्या हवेत दिवस-रात्रीत १५ ते २० अंशांचा फरक अगदी नेहमीचा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा क्रौंच बघण्याचा काळ, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. मे-जून टाळा, तो सगळ्यात कोरडा आणि भाजणारा काळ. त्या दिवसांत सुट्टी मिळत असेल तर डोंगर गाठा. ॲरिझोनातलं टूसॉन शहर साधारण २,४०० फुटांवर आहे आणि माउंट लेमनचा माथा ९,१५७ फुटांवर. तासाभराच्या गाडीरस्त्यात सवारो निवडुंग मागे पडतात, ओक लागतात, मग पाइन, आणि वर फरची झाडं. रोझ कॅन्यनचा कॅम्प सात हजार फुटांच्या आसपास आहे. शहर ४० अंशांत असताना तिथे रात्री पांघरूण लागतं.

जुलै-ऑगस्टबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. थोडा अनुभव असेल तर आग्नेय ॲरिझोनाच्या डोंगरांत मान्सूनमध्ये जाच. पहिल्या मोठ्या सरीनंतर स्पेडफूट बेडूक जमिनीतून वर येतात. वर्षाचा बहुतेक काळ ते मातीत गाडून घेतलेले असतात आणि विजेच्या गडगडाटाच्या कंपनांनी जागे होतात. रात्रभर डबक्यांतून त्यांचं ओरडणं चालतं आणि अंडी घातली जातात. डबकं आटायच्या आत पिल्लांना बेडूक व्हावं लागतं. त्यातल्या एका जातीची पिल्लं हे काम आठ-दहा दिवसांत उरकतात.

पहिल्याच सहलीला कुठे जावं? सोबत लहान मुलं आहेत.

टूसॉनजवळ कॅटलिना स्टेट पार्क किंवा शहराच्या पश्चिमेचा गिल्बर्ट रे कॅम्पग्राउंड. दोन्हीकडे गाडी तंबूपाशी नेता येते, शहर हाकेच्या अंतरावर आणि भोवती सवारोंचं रान. गिल्बर्ट रेजवळच ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे, १९५२ साली सुरू झालेलं. नाव म्युझियम असलं तरी ते बहुतांश उघड्यावरचं प्राणी-संग्रहालय आणि वनस्पतिउद्यान आहे. पहिला दिवस तिथे घालवा. काय कसं दिसतं हे मुलांच्या डोळ्यांत बसलं की पुढे रानात ती तुमच्या आधी ओळखतात.

सवारो नॅशनल पार्कमध्ये तंबू टाकू असं अनेकजण गृहीत धरतात. तिथे गाडी लावून राहण्याचा कॅम्प नाही. पूर्वेकडच्या रिंकन डोंगरात पाठीवर सामान घेऊन चढायची तयारी आणि परवाना असेल तरच मुक्काम.

दुसऱ्या सहलीसाठी माझी पसंती मेक्सिकोच्या सीमेवरचं ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारक. १९३७ साली ते संरक्षित झालं, १९७६ मध्ये युनेस्कोने त्याला जैवावरण राखीव क्षेत्र म्हटलं. ट्विन पीक्स कॅम्पमध्ये दोनशेहून जास्त जागा आहेत, पाणी आहे, तरीही शांतता आहे. २१ मैलांचा आहो माउंटन रस्ता तिथून सुरू होतो. याच भागात सोनोरन प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी राहतो. २००२ च्या दुष्काळात अमेरिकेच्या बाजूला या जातीचे २१ च्या आसपास प्राणी उरले होते. बंदिस्त प्रजनन करून आणि दुष्काळात पाणी-चारा पुरवून त्यांना परत उभं केलं गेलं. पिल्लांच्या मोसमात इथले आणि शेजारच्या कबेझा प्रिएटा अभयारण्यातले काही कच्चे रस्ते बंद ठेवतात. तो फलक दिसला तर कुरकुर न करता मागे फिरा.

टेक्सासवाल्यांनी बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात जावं. साडेचारशेहून जास्त पक्षिजाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत.

जागा आधी राखून ठेवावी लागते का? फुकट राहता येतं असं ऐकलंय.

राष्ट्रीय उद्यानांतले बरेच कॅम्प सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतात. अनेक ठिकाणी आरक्षण सहा महिने आधी उघडतं. मार्चच्या शनिवार-रविवारसाठी शेवटच्या आठवड्यात शोधाशोध करून काही हाती लागत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात तर विशेष. तिथल्या बहुतेक कॅम्पमध्ये पिण्याचं पाणी नाही, हेही नीट वाचून घ्या.

फुकट राहता येतं हे खरं आहे. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे बीएलएमच्या, जमिनीवर आणि राष्ट्रीय वनांत बऱ्याच ठिकाणी कुठेही तंबू टाकता येतो. बीएलएमचा साधारण नियम २८ दिवसांत एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस असा आहे. तिथे नळ नाही, संडास नाही, कचराकुंडी नाही. सगळं आपलं आपण आणायचं आणि परत न्यायचं. पहिल्या सहलीला हे करू नका.

तंबू नेमका कुठे लावावा?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते.

कोरड्या ओढ्यात तंबू लावायचा नाही. ओढ्याला तिथे वॉश म्हणतात. सपाट मऊ रेती, दोन्ही बाजूंना झाडांची सावली, वारा अडलेला. जागा इतकी मोहाची असते की नवखा माणूस नेमका तिथेच सामान उतरवतो. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. वीस-पंचवीस मैलांवरच्या डोंगरात ढग फुटला की खडकाळ जमीन पाणी शोषत नाही आणि लोंढा निरभ्र आकाशाखालून येतो. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत असाच लोंढा आला आणि अकरा पर्यटक दगावले. पाऊस झाला होता तो दूर. सह्याद्रीत पावसाळी ओढ्यांचं पाणी अचानक वाढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन समजतं. फरक एवढाच की इथे आधी ओल, चिखल, आवाज असलं काही सूचना देत नाही. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर अडथळे ओलांडून गाडी घातलीत आणि अडकलात, तर ॲरिझोनाच्या कायद्याने सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

दुसरी गोष्ट पाणवठ्याची. प्राणी बघायचे म्हणून पाण्याच्या काठी तंबू टाकावा असं वाटतं. ॲरिझोनात नैसर्गिक पाणवठ्यापासून किंवा जनावरांसाठी बांधलेल्या हौदापासून पाव मैलाच्या आत, प्राण्यांना पाण्याशी येता येणार नाही अशा रीतीने मुक्काम करणं बेकायदेशीर आहे. हा कायदा मला मनापासून आवडतो. मे महिन्यात एका हौदावर हरणं, रानडुकरासारखे हावेलिना, बॉबकॅट नावाची रानमांजरं, लावे, वटवाघळं अशा सगळ्यांची भिस्त असते. तुमच्या तंबूतला उजेड आणि बोलणं यामुळे रात्रभरात कोणीच खाली उतरलं नाही, तर पुढचं पाणी कदाचित दहा मैलांवर असतं.

तिसरी गोष्ट मातीची. काही ठिकाणी जमिनीवर काळपट, खरबरीत, फुगलेला थर दिसतो. तो जिवंत आहे. निळे-हिरवे जिवाणू, शैवाक, शेवाळं मिळून तो बनतो, माती धरून ठेवतो, नत्र देतो. बुटाच्या एका ठशाने मोडला तर पूर्ववत व्हायला दशकं लागतात. म्हणून आधी कोणी वापरलेल्या, घट्ट झालेल्या उघड्या जागेवरच तंबू.

पाणी किती न्यावं?

माणशी दिवसाला किमान चार लिटर, फक्त पिण्यासाठी. स्वयंपाक-धुणं वेगळं, आणि गाडी बंद पडली तर म्हणून एका दिवसाचं जास्तीचं. सगळं एका मोठ्या डब्यात भरू नका. डबा फुटला तर सगळंच गेलं. ओढ्या-झऱ्यांचं पाणी सापडेल या भरवशावर निघू नये.

नुसतं पाणी पीत राहिल्यानेही त्रास होतो. घामावाटे मीठ जातं आणि पोटात फक्त पाणी पडत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, गोंधळलेपणा सुरू होतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खारे शेंगदाणे, चिवडा हे इथे औषधासारखं उपयोगी पडतं. हवा कोरडी असल्यामुळे घाम जाणवतच नाही, लगेच वाळतो. मुंबईच्या माणसाला वाटतं, घाम येत नाही म्हणजे ऊन बाधत नाही. तसं नसतं.

वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. त्यातल्या काही गोळ्या शरीरातलं पाणी काढून टाकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर चालणं सकाळी दहाच्या आत संपवा. आणि प्रवास विमा घेताना हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा.

दिवसभर हिंडलो, एकही प्राणी दिसला नाही. काय चुकतं?

बहुधा वेळ, आणि वेग.

दुपारी वाळवंट रिकामं दिसतं कारण जवळजवळ सगळे बिळात, कपारीत, झाडाच्या बुंध्याशी असतात. जमिनीखाली हातभर गेलं तरी तापमान खूप उतरतं. इथला कांगारू उंदीर सगळं आयुष्य पाणी न पिता काढू शकतो. कोरड्या बिया पचताना शरीरात जे पाणी तयार होतं त्यावर तो भागवतो आणि दिवस गार बिळात घालवतो. हीला मॉन्स्टर हा सरडा वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखालीच असतो. अशा जिवांच्या भेटीला भर दुपारी गेलं तर कोण भेटणार?

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी खुर्ची घेऊन एका जागी बसा. पाठ खडकाला किंवा झाडाला, वारा समोरून तोंडावर, फोन बंद. पहिली वीस मिनिटं काही होत नाही. मग लाव्यांचा थवा झुडपातून बोलायला लागतो, ससा कान उंच करून बसतो, ओढ्याच्या काठाने हावेलिना येतात. हे रानडुकरासारखे दिसतात, पण वेगळ्या कुळातले. नजर अधू, नाक तिखट. त्यांच्या कळपात पिल्लं असतील तर वाट मोकळी सोडून मागे सरा. संध्याकाळी हेच सगळं उलट क्रमाने. कायोटींची कोल्हेकुई तर कॅम्पमधूनच ऐकू येते. दोन-तीनच असले तरी वीस असल्यासारखे वाटतात.

चार दिवसांत पाच उद्यानं असा बेत करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, चार दिवस एकाच ठिकाणी राहा. दुसऱ्या सकाळी कोणत्या फांदीवर कोण येतं ते कळतं, तिसऱ्या सकाळी आपण त्याची वाट बघतो. पावलांचे ठसे वाचता येऊ लागतात. गाडीत बसून कापलेल्या मैलांतून हे मिळत नाही.

दुर्बीण ८ × ४२ ची पुरे. ओळखीसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप फोनवर त्या भागाच्या माहितीसकट उतरवून न्या. पण त्यातून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विशेषतः विणीच्या काळात. स्वतःची हद्द राखायला तो घरट्यावरून उठून येतो आणि ताकद वाया घालवतो.

वाळवंटी कासव दिसलं तर उचलायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. ते मूत्राशयात पाणी साठवतं. घाबरलं की ते सोडून देतं, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत ते पाणी भरून निघत नाही. तुमच्या एका फोटोपायी ते तहानेने मरू शकतं.

सवारो निवडुंगाचं एवढं कौतुक का?

कारण तो एकटाच अख्खी वस्ती पोसतो. सवारो फक्त सोनोरन वाळवंटात उगवतो. पहिल्या आठ वर्षांत त्याची वाढ इंच-दीड इंच. बहुधा एखाद्या पालो व्हर्डे किंवा मेस्कीटच्या सावलीत तो रुजतो. ते झाड त्याला ऊन-थंडीपासून जपतं. पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात, कोरड्या भागात त्याहून जास्त. पुढे तो ४० फूट आणि त्याहूनही उंच जाऊ शकतो आणि दीडशे-दोनशे वर्षं जगू शकतो. अंगावरच्या उभ्या चुण्या पाणी मिळालं की फुलतात, आटलं की मिटतात. पाऊस कधी झाला हे चुण्यांकडे बघून सांगता येतं.

हीला सुतार आणि गिल्डेड फ्लिकर त्याच्या खोडात ढोली कोरतात. झाड आतून जखमेभोवती कडक कवच तयार करतं. सुतार दर मोसमाला नवी ढोली करतो, जुनीत दुसरे येतात. त्यात सगळ्यात लाडकं म्हणजे एल्फ आउल, जगातलं सर्वांत हलकं घुबड. उंची जेमतेम १४ सेंटीमीटर, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. ते वसंतात मेक्सिकोतून येतं. एप्रिल-मेच्या रात्री ढोलीतून त्याची किलबिल ऐकू येते.

फुलं मे-जूनमध्ये. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. रात्री वटवाघळं, दिवसा मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे कबुतर. यातलं लेसर लाँग-नोज्ड वटवाघूळ मेक्सिकोतून फुलांच्या मागोमाग उत्तरेला येतं. ते अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत होतं आणि २०१८ मध्ये संख्या सावरल्यामुळे यादीतून बाहेर आलं. असं यादीतून उतरलेलं हे तिथलं पहिलंच वटवाघूळ. जूनअखेर लाल फळं पिकतात. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओ'ओदम लोक सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांच्या लांब काठ्यांनी ती काढतात, आणि त्यांचं नवं वर्ष या तोडणीपासून सुरू होतं. फळं तोडणं त्यांचं आहे. आपण बघावं.

पक्ष्यांसाठी खास ठिकाणं सांगा.

हमिंगबर्ड आशियात नाहीतच, म्हणून आपल्या लोकांनी सुरुवात तिथून करावी. आपले शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितात. हे हवेत एका जागी थांबून पितात. आग्नेय ॲरिझोनात पंधराच्या आसपास जाती दिसू शकतात. मदेरा कॅन्यन, रॅमसी कॅन्यन आणि पॅटागोनिया गावातलं पेटन केंद्र इथे बाकावर बसून तासन्‌तास बघता येतं. ज्यांना चालवत नाही त्या आजी-आजोबांसाठी याहून चांगली जागा नाही. याच डोंगरांत एलिगंट ट्रोगन हा पक्षी वसंतात येतो. सह्याद्रीतला मलबार ट्रोगन ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याच कुळातला हा दुसरा बघताना विशेष आनंद होईल. चिरिकावा डोंगरातला केव्ह क्रीक कॅन्यन त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे.

रोडरनर कॅम्पमध्येच पळताना दिसेल. तो कोकिळेच्या कुळातला, आपल्या भारद्वाजाचा नातलग, आणि भारद्वाजासारखाच जमिनीवर हिंडून सरडे, किडे, सापाची पिल्लं टिपणारा.

हिवाळ्यात सँडहिल क्रौंच. न्यू मेक्सिकोतलं बोस्के देल अपाची अभयारण्य आणि ॲरिझोनातलं व्हाइटवॉटर ड्रॉ, दोन्हीकडे ते हजारोंनी येतात. रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, कायोटी जवळ आला तर पाण्याचा आवाज होतो म्हणून. पहाटे सगळे शेतांकडे उडतात. त्यासाठी कडाक्याच्या थंडीत अंधारात जाऊन उभं राहावं लागतं, आणि राहावंच.

कॅलिफोर्निया काँडर या गिधाडासारख्या पक्ष्यासाठी ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ किंवा व्हर्मिलियन क्लिफ्स. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा रानटी पक्षीही पकडून प्रजननासाठी ठेवला गेला आणि १९९६ पासून ॲरिझोनात ते पुन्हा सोडले जाऊ लागले. शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जातात, हे आजही त्यांच्या मरणाचं मोठं कारण आहे. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने गिधाडं गेली. २००६ मध्ये त्यावर बंदी आली. दोन देश, दोन विषं, आणि दोन्हीकडे ती मढ्यातूनच पोचली.

साप आणि विंचवांची भीती वाटते.

भीती नको, सवयी हव्यात. एकट्या ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत. नजर पोचत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही. दगड, लाकूड उचलायचं नाही. अंधारात टॉर्च आणि बंद बूट. साप दिसला तर थांबा, मागे या, बाजूने जा. चावलाच तर आवळपट्टी, चिरा, चोखणं, बर्फ यातलं काहीही नाही. अंगठी-घड्याळ काढा, अवयव स्थिर ठेवा, ९११ ला फोन आणि दवाखाना.

बार्क विंचू अतिनील प्रकाशात हिरवट चमकतो. अतिनील टॉर्च घेऊन रात्री शोधायला मुलांना फार आवडतं. बूट घालण्यापूर्वी झटका, कपडे जमिनीवर टाकू नका. याचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करतं: स्नायू फडफडतात, डोळे गरगरतात, लहान मुलांना धोका जास्त. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर घाव घालतं आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्यावर जे उपचार रूढ केले, ते त्या विषासाठी. म्हणून घरची गोळी देत बसू नका. इथे याचं वेगळं प्रतिविष आहे.

हीला मॉन्स्टर विषारी सरडा, पण संथ. हात लावला नाही तर काही करत नाही. त्याच्या लाळेतल्या एका घटकावरून मधुमेहाचं एक्झेनाटाइड हे औषध तयार झालं, ते २००५ पासून वापरात आहे.

काटे लागले तर?

चोया निवडुंगाचा तुकडा हाताने ओढू नका, बोटांत रुतेल. मोठ्या दातांचा कंगवा मध्ये सरकवा आणि झटकन उडवा. उरलेले काटे चिमट्याने. हे दोन्ही खिशात असू द्या.

जेवणाचं काय? आपलं करता येतं का?

छान करता येतं. थालिपिठाची भाजणी, मेतकूट-भात, पिठलं, दडपे पोहे. पाणी आणि भांडी दोन्ही कमी लागतात. गॅसचं डबडं विमानात चालत नाही, तिथे उतरल्यावर घ्या. शेगडी पेटवण्यापूर्वी आगीवरची बंदी तपासा. मे-जूनमध्ये ती अनेकदा असते. उद्यानांत सरपण गोळा करायला बहुधा मनाई आहे, आणि आयर्नवुडची वाळकी फांदीसुद्धा कुणाचं तरी घर असते.

जेवण झालं की सगळं, टूथपेस्टसकट, गाडीत बंद. बिग बेंडच्या चिसोस भागात अस्वलं आहेत, तिथे दिलेल्या लोखंडी पेट्या वापरा. उरलेला भात कावळ्या-खारींना घालायचा नाही. आपल्या घरातला तो चांगला संस्कार इथे अपाय करतो: माणसाकडून खायला शिकलेला कायोटी शेवटी माणसांच्या अंगावर येतो आणि मारला जातो.

इथली काही झाडं ओळखीची वाटतात, असं कसं?

बरोबर वाटतं. कुंपणावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातलाच. सोलापूर-नगरकडे माजलेली वेडी बाभूळ ही मेस्कीटची बहीण. ती तिकडून आपल्याकडे आली आणि गवताळ माळ खाऊन बसली. तिथेही असंच झालं. आपल्याकडे चाऱ्यासाठी मोलाचं असलेलं अंजन गवत तिथे गुरांच्या चाऱ्यासाठी नेलं गेलं, तिथे त्याला बफेलग्रास म्हणतात. सोनोरन वाळवंटात झाडांमध्ये मोकळी जमीन असते, म्हणून आग पसरत नाही. सवारोला आगीची सवयच नाही. अंजनाने ती मोकळी जागा भरून टाकली आणि आता वणवे शिरतात. टूसॉनला स्वयंसेवक हिवाळ्यात ते उपटायला जातात. सहलीत एक सकाळ त्यांना दिलीत तर मला फार बरं वाटेल. निदान बूट-मोज्यांना चिकटलेलं बी तिथून दुसऱ्या रानात नेऊ नका.

रात्री आकाश कसं दिसतं?

अमावास्या गाठा. ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ हे २००१ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय शहर ठरलं, आणि बिग बेंड, डेथ व्हॅली यांचं आकाश आणखी काळं. ध्रुव पुण्याहून दिसतो त्यापेक्षा बराच वर, टूसॉनला सुमारे ३२ अंशांवर. अगस्त्य हिवाळ्यात दक्षिण क्षितिजाला जवळजवळ टेकलेला, थोडाच वेळ. टॉर्च लाल उजेडाचा वापरा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास घेतात आणि शेजारच्या तंबूतल्या माणसांचेही.

कागदपत्रं, फोन, वेळ याबद्दल काही?

अमेरिकेचे नागरिक नसाल तर पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) जवळ ठेवा. दक्षिण ॲरिझोना आणि टेक्सासमध्ये सीमेपासून कित्येक मैल आतही सीमा पोलिसांची नाकी असतात. नावाहो, तोहोनो ओ'ओदम या मूळ रहिवाशांच्या जमिनींना त्यांचे स्वतःचे परवाने लागतात. तिथे माणसांचे किंवा विधींचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो राष्ट्र करतं. आरक्षणाची वेळ चुकते ती इथे. फोनला बरेचदा रेंज नसते, नकाशे आधीच उतरवा आणि परतायची वेळ घरी कुणाला तरी सांगून निघा.

परत आल्यावर आठवडाभराने खोकला-ताप आला. संबंध असू शकतो का?

असू शकतो. फिनिक्स-टूसॉन पट्ट्याच्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. धुळीबरोबर ती फुप्फुसात गेली की एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, प्रचंड थकवा येऊ शकतो. तिथे त्याला व्हॅली फीव्हर म्हणतात. बहुतेकांना तो आपोआप बरा होतो, पण गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो गंभीर होऊ शकतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. भारतात हा आजार स्थानिक नाही, त्यामुळे पुण्या-नागपूरच्या डॉक्टरांच्या मनात आधी न्यूमोनिया किंवा क्षयच येईल. ॲरिझोनाला जाऊन आलो, तंबूत राहिलो, धुळीचं वादळ लागलं होतं, हे त्यांना आपणहून सांगा आणि व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करायची का ते विचारा.